डिप घेतल्याशिवाय सही नको

गोरेगाव, जि. गोंदिया

चि. छोटीस,


आपल्या गल्लीतले गुरुजी नागपूरहून आले ते नातवासाठी तुझ्या दुकानातून ठोकळ्यांचा पेट्रोल टँकर घेऊन. खोक्यावर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी होती : 'जोडून पाहिला आहे. उत्तम.' घरी आल्यावर त्याची मागची चाकं फिरेनात. गुरुजी मला एवढंच म्हणाले, 'तुमच्या भाचीनं लिहिलं होतं म्हणून घेतला.' ते चिडून बोलले असते तरी मला इतकं लागलं नसतं.

छोटी, तू तो खरंच जोडला होतास का?

मी तो मागून घरी आणला. ओसरीवर चादर पसरली, सगळा सुटा केला आणि पहिल्या पानापासून जोडायला बसलो. हिरवे ठोकळे इतके घट्ट की निघता निघत नाहीत. पांढरे इतके सैल की टँकर उचलला की टाकीचं झाकण हातात येतं. चाकाचा दांडा नीट आहे, पण त्याच्यावरचा मडगार्डचा ठोकळा खाली घासतो. एकदा जोडून जमिनीवरून ढकलला असता तर हे कळलंच असतं. नळीच्या टोकाचा तुकडा तांदळाच्या दाण्याहून थोडासाच मोठा. गुरुजींचा नातू अजून तीन वर्षांचाही नाही, हातात येईल ते तोंडात घालतो. खोकं उलटंपालटं करून पाहिलं, आयएसआयची खूण कुठेच सापडली नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची आहे, हे तू मला शिकवायचंस की मी तुला? तो तुकडा मी काढून माझ्या कपाटात ठेवला आहे. चाकांचं काय, ती घासून फिरवता येतील. त्या तुकड्याचं मनात आलं की रात्री झोप लागत नाही.

मागच्या मंडईच्या जत्रेला आली होतीस तेव्हा याच ओसरीवर तू किती जीव लावून बोलत होतीस! डेन्मार्कच्या लेगोनं १९५८ साली ज्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्याच्यावर आजचा ठोकळाही तसाच बसतो, म्हणालीस. त्यांच्या टँकरवर पूर्वी शेलचं नाव असायचं. २०१४ मध्ये लोकांनी विरोध केला, मग तो करार पुढे वाढवायचा नाही असं त्यांनी जाहीर केलं. आणि त्यांच्या खेळण्यांवर दिसणारी ऑक्टन नावाची तेलकंपनी जगात कुठेच नाही, ती खेळण्यांसाठीच रचलेली, हेही तूच सांगितलंस. ज्या पोरीला एवढं माहीत आहे तिला घट्ट आणि सैल कळत नाही, हे मला पटत नाही. म्हणून पुन्हा विचारतो, जोडला होतास का, की मालकांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ठेवला आणि तू लिहीत गेलीस?

पंपावर माझी उमर गेली, तुला ठाऊक आहे. टँकर आला की आधी चलान आणि सील पाहायचं. मग गाडी सपाट जागी उभी करून तेल निवळू द्यायचं, अर्थिंगची तार लावायची, वर चढून एकेका कप्प्यात पातळी मोजायला डिपरॉड सोडायचा, घनता मोजायची आणि त्यानंतरच सही. बारा हजार लिटरच्या गाडीला बहुधा तीन कप्पे असतात. वेगवेगळा माल नेता येतो, आणि ब्रेक लागला तरी सगळं तेल एकदम पुढे आदळत नाही. कप्पा काठोकाठही भरत नाहीत, उन्हानं तेल फुगतं. चालक वर्षानुवर्षांच्या ओळखीचा असे. वैशाखात वरचा पत्रा हात भाजून काढी. तो खालून म्हणायचा, 'भाऊ, राहू द्या, माल बरोबरच आहे.' माल बरोबरच असायचा. तरी मी चढायचो, कारण सही माझी होती. या गाड्यांचे परवाने देणाऱ्या पेसोचं मुख्यालय तुझ्या नागपुरातच आहे. पण कप्प्यात डिपरॉड शेवटी पंपावरच्या माणसानंच सोडायचा असतो.

मला पंपावर जायचंच नव्हतं, हे तुझ्या आईलाही कदाचित आठवत नसेल. लहानपणी मी सुतारबुवांच्या मांडवात बसून तान्ह्या पोळ्याचे बैल करायला शिकत होतो. बैलाचं तोंड कोणीही कोरतं, कस लागतो चाकांत. भोक जरा तिरपं पडलं की बैल दोरीनं ओढताना एका अंगाला जातो. ओढून पाहिल्याशिवाय बुवा एकही बैल पोराच्या हातात देत नसत. मग घरात पगाराची गरज पडली आणि माझी पटाशी सुटली ती सुटलीच. परवा तो टँकर जोडताना बोटांना ते सगळं आठवलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. तुला खेळण्यांच्या दुकानात काम मिळालं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला का झाला होता, ते आता तुला कळेल.

रागावून लिहिलं आहे, पण नोकरी सोड असं मी म्हणत नाही. कॉलेज सांभाळून दिवसभर उभी राहतेस, खोलीचं भाडं स्वतः भरतेस, हे मला कळतं. मालकांपुढे बोलणं सोपं नसतं, तेही कळतं. जोडायला वेळ दिला नसेल तर चिठ्ठीवर 'जोडलेला नाही' एवढंच लिही. जोडलास तर चाक फिरतं का, कोणता भाग सैल आहे, किती वर्षांच्या मुलाला द्यावा, ते लिही. त्यावरून कोणी कामावरून काढलं तर त्याच दिवशी मला फोन कर. भाड्याचं मी बघतो, ताईला आत्ताच सांगायची गरज नाही.

गुरुजींशी मी बोललो आहे. त्यांच्या मनात काही नाही, तरी तू एकदा फोन करून त्या बारीक तुकड्याचं त्यांना स्वतः सांग. आणि हो, मडगार्डखाली एक चपटा ठोकळा घातला की चाकं मोकळी होतात, मी करून पाहिलं. तुला याहून चांगली युक्ती सुचेल. मंडईला येशील तेव्हा दुकानातला एखादा चांगला संच घेऊन ये, पैसे मी देईन, ओसरीवर बसून दोघं जोडू. सोबत नवा तांदूळ आणि मामीनं केलेली चटणी पाठवतो आहे. रात्री उपाशी झोपत जाऊ नकोस.

तुझा,
मामा