माश्या आणि बिनलेबलची बाटली

आषाढात फणसाची सालं, आंब्याच्या बाठी आणि भिजलेलं शेण एकत्र आलं की आमच्या कोकणात माश्यांना आमंत्रण लागत नाही. ताट वाढायचा अवकाश, भात काळा दिसायला लागतो. माझ्या सासऱ्यांना, दादांना, अन्नावर माशी बसलेली खपत नसे. एका पावसाळ्यात त्यांनी बाजारातून सुट्टं औषध आणलं. सरबताच्या जुन्या बाटलीत ओतून दिलेलं, वर लेबल नाही. "बादलीत झाकणभर टाका" एवढं तोंडी सांगितलेलं. दारं-खिडक्या लावून, उघड्या अंगाने त्यांनी ते स्वयंपाकघरात फवारलं.

थोड्याच वेळात त्यांना दरदरून घाम फुटला. तोंडातून लाळ गळू लागली, उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक टिंबाएवढ्या झाल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी लक्षणांवरूनच ओळखलं: शेतीत फवारतात त्या ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं विष. अ‍ॅट्रोपिनची इंजेक्शनं वेळेवर मिळाली म्हणून दादा वाचले. आम्ही घरी परतलो तेव्हा स्वयंपाकघरात मेलेल्या माश्यांचा सडा पडला होता, आणि आठवड्याच्या आत तेवढ्याच माश्या पुन्हा घोंगावत होत्या.

त्या परत का आल्या, हे समजून घेतल्याशिवाय कुठलाही उपाय व्यर्थ आहे. मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते, आयुष्यात असं चार-पाच वेळा. अंडी ओल्या, कुजत्या जागी पडतात: शेण, कोंबड्यांची विष्ठा, खरकटं, कचऱ्याच्या डब्याच्या तळाशी साचलेला रस. उन्हाळ्या-पावसाळ्यातल्या उबेत एका दिवसात अळी बाहेर येते आणि साधारण सात ते दहा दिवसांत नवी माशी उडते. म्हणजे आपण घरात फवारतो तेव्हा पुढची फळी परसात तयार होत असते. शिवाय एकच औषध पुन्हापुन्हा मारलं तर माश्या त्याला दाद देईनाशा होतात. डीडीटीच्या बाबतीत हे युरोपात १९४६-४७ सालीच दिसून आलं होतं.

आमचा शेणखड्डा स्वयंपाकघराच्या मागच्या दारालाच लागून होता. तो लांब हलवला, हाच खरा उपाय ठरला. आता खड्ड्यातलं शेण आम्ही जाड प्लॅस्टिकने कडेकडेने दाबून झाकतो. आत उष्णता धरते, त्यात अळ्या मरतात. उघडीप मिळाली की ताजं शेण पातळ पसरून वाळवतो, कारण कोरड्या शेणात अळी जगत नाही. फणसाची चारखंडं गुरांपुढे जातात, उरलेली मातीखाली.

शहरातल्या घरालाही नियम हाच. ओला कचरा रोज बाहेर गेला पाहिजे, आणि नुसती पिशवी बदलून भागत नाही: डबा साबणाने घासून, उपडा घालून कोरडा करा. बाळाचे डायपर, मांजराची ताटली, मोरीच्या जाळीत अडकलेली शितं, हेही बघा. डास अडवणारी जाळी माशीलाही अडवते. जेवताना पंखा लावा, वाऱ्यात तिला नीट बसता येत नाही. चिकट पट्ट्या लावायच्या तर वर, छताजवळ. रात्री माश्या तिथल्या वायरी-दोऱ्यांवर विसावतात. कापराचा धूर, फिनेलने पुसणं यांनी त्या तात्पुरत्या हलतात, इतकंच. केळ्यांभोवती भिरभिरणारी चिलटं मात्र वेगळी. व्हिनेगरची वाटी त्यांच्यासाठी ठीक, घरमाशीला तिचा फारसा उपयोग नाही.

अन्न झाकण्यात मुळीच ढिलाई नको. माशीला चावता येत नाही. ती अन्नावर लाळ सोडते, ते विरघळवते आणि शोषून घेते. तिच्या पायांवरून आणि पोटातून हगवण, विषमज्वर, कॉलरा यांचे जंतू ताटात येतात.

माश्यांसाठी पूर्वी घरोघर वापरलं जाणारं डायक्लोरव्हॉस दादांना बाधलेल्या त्याच विषारी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं. भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून त्याच्या वापरावर बंदी आहे. सुट्ट्या बाटलीत काय आहे हे मात्र देणाऱ्यालाही ठाऊक असेलच असं नाही. ती घेऊ नका. कुणाला फवाऱ्याची बाधा झालीच तर त्याला आधी मोकळ्या हवेत न्या, अंगावरचे कपडे काढा, हातमोजे घालून अंग साबण-पाण्याने धुवा, मुद्दाम उलटी करवू नका, आणि दवाखान्यात निघताना ती बाटली नीट बंद करून सोबत घ्या.