वसतिगृहाच्या स्वयंपाकघरापासून प्रयोगशाळेपर्यंत

कृष्णाकाठच्या सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांची ओळख सर्वसाधारणपणे त्यांच्या पिकांवरून करून दिली जाते. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, कोरेगाव परिसरातील वाघ्या घेवडा, सांगलीची हळद आणि तिथलाच बेदाणा यांना भौगोलिक मानांकनही लाभले आहे. तथापि शिवार समृद्ध असणे आणि ताट परिपूर्ण असणे या दोन निराळ्या गोष्टी होत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील सुमारे 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळून आला. शिवार आणि ताट यांमधील हे अंतर कशामुळे पडते, हा प्रश्न ज्या विषयात शिकविला जातो, तो अन्न व पोषण हा विषय मात्र आपल्याकडे बराच काळ ‘मुलींचा स्वयंपाकाचा तास’ म्हणून बाजूस राहिला.

वस्तुतः या भागाचा शैक्षणिक इतिहास निराळे सांगतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली व 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. येथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीस बसत आणि स्वयंपाकासह वसतिगृहाची कामे स्वतःच करीत. मुलांच्या जेवणाची सोय व्हावी म्हणून लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, एवढेच नव्हे तर मंगळसूत्रही मोडले, हे सर्वश्रुत आहे. खेड्यापाड्यांतून जमविलेल्या मूठमूठ धान्यावर किती मुखे किती दिवस पोसता येतील, हा हिशेब त्या मुलांच्या रोजच्या अनुभवातला होता. आहारशास्त्राचा पहिला धडा याहून वेगळा नसतो. आणि तो येथे मुलग्यांनी गिरविला, हे विशेष.

आज तोच हिशेब शालेय पोषण आहाराच्या रूपाने शाळांत उपलब्ध आहे. या योजनेच्या निकषांप्रमाणे प्राथमिक वर्गातील मुलास दुपारच्या भोजनातून 450 उष्मांक व 12 ग्रॅम प्रथिने, तर उच्च प्राथमिक वर्गातील मुलास 700 उष्मांक व 20 ग्रॅम प्रथिने मिळावयास हवीत. प्राथमिकसाठी 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी असे प्रमाण आहे. धान्याबरोबर डाळ का, याचे उत्तर विद्यार्थ्यांना सहज उमगण्यासारखे आहे. तांदूळ वा ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, डाळीत ते भरपूर असते. उलट डाळीत जे कमी पडते ते धान्य भरून काढते. खिचडीचे किंवा भाकरी-आमटीचे शहाणपण यातच आहे. माण, खटाव, जत, आटपाडी या कमी पावसाच्या तालुक्यांतील बाजरी, मटकी, हुलगा ही पिके या दृष्टीने मुळीच दुय्यम नव्हेत. पालेभाजीतील लोह शरीरात शोषले जाण्यास लिंबू किंवा आवळ्यातील ‘क’ जीवनसत्त्व साहाय्य करते, तर जेवणालगतचा चहा त्यास अडथळा करतो. चहाची वेळ तासाभराने पुढे ढकलणे याला एक पैसाही खर्च येत नाही. कुटुंबात हा बदल घडवून आणण्यास शाळेत शिकलेली मुलगी किंवा मुलगा पुरेसा होतो.

अन्न टिकविण्याचे शास्त्र शिकविण्यास तर तासगाव परिसरासारखी दुसरी प्रयोगशाळा मिळणे कठीण. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा पातळ थर असतो. तो आतील पाणी बाहेर पडू देत नाही. म्हणून द्राक्षे प्रथम पोटॅशियम कार्बोनेट व इथाइल ओलिएट (शेतकऱ्यांच्या भाषेत डिपिंग ऑइल) यांच्या द्रावणात बुडवितात आणि मग शेडमधील जाळ्यांवर सावलीत पसरतात. सुमारे दोन आठवड्यांत पाण्याचा अंश पंधरा टक्क्यांच्या आसपास येतो आणि साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. साखर दाट झालेली आणि पाणी अपुरे, अशा स्थितीत जंतू व बुरशी वाढू शकत नाहीत. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र हे तिन्ही विषय येथे एकाच शेडमध्ये भेटतात. हळदीचेही तसेच. साबणाने हळदीचा डाग लाल होतो, हे प्रत्येक घरात ठाऊक असते. त्यामागील आम्ल-अल्कलीचा नियम मात्र वर्गातच कळतो. पेलाभर पाण्यात चिमूटभर हळद टाकली असता शुद्ध पूड तळाशी बसून पाणी फिकट पिवळे राहते, कृत्रिम रंग मिसळलेला असल्यास पाणी गडद पिवळे होते.

या अभ्यासाची पुढील वाटचाल कशी असावी? अकरावी-बारावीस राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात अन्नविज्ञान व तंत्रज्ञान हा ऐच्छिक विषय आहे. मात्र तो प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात शिकविला जात नाही, त्यामुळे प्रवेशापूर्वीच चौकशी करणे श्रेयस्कर. अन्नतंत्रज्ञानाची पदवी घेऊ इच्छिणाऱ्याने भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र सोडता कामा नये. केवळ सोपा विषय म्हणून केलेली अदलाबदल पुढे सामाईक प्रवेश परीक्षेच्या दारात आडवी येते. परभणी येथील अन्नतंत्र महाविद्यालय 1976 पासून कार्यरत आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही या शाखेचे शिक्षण मिळते, आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था नामांकित आहे. दूध, बेदाणा, हळद व फळप्रक्रिया यांच्या कारखान्यांत गुणवत्ता तपासणीसाठी असे पदवीधर लागतात. 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यान्वये नेमल्या जाणाऱ्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदासाठीही ही पदवी ग्राह्य आहे.

ज्यांचा ओढा यंत्रांपेक्षा माणसांकडे आहे, त्यांच्यासाठी पोषण व आहारशास्त्राची शाखा आहे. रुग्णालयातील आहारतज्ज्ञ होण्यास पदवीनंतरचे शिक्षण आणि रुग्णालयातील उमेदवारी आवश्यक ठरते. 2021 च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायास संलग्न आरोग्यसेवांमध्ये स्थान दिले आहे. मधुमेह आता खेड्यांतही घरोघर ऐकू येतो आणि त्याच गावात अंगणवाडीच्या वजनकाट्यावर कमी वजनाचे बालकही असते. या दोहोंसाठी दोन निराळी ताटे आखून देणारी व्यक्ती तालुक्याच्या ठिकाणीही सहसा सापडत नाही.