कोरे पत्र आणि वाचणारे मन : बोधनिक विज्ञानाच्या काही प्राथमिक संकल्पना



मागील घटकात आपण भाषेचा विचार समाजाच्या अंगाने केला. या घटकात तोच विचार मनाच्या अंगाने करावयाचा आहे. माणूस पाहतो, ऐकतो, लक्षात ठेवतो, अर्थ लावतो, बोलतो. या क्रिया घडत असताना मनात नेमके काय चालते, याचा शोध घेणारे शास्त्र म्हणजे बोधनिक विज्ञान. मानसशास्त्र, भाषाविज्ञान, संगणकशास्त्र, मेंदूविज्ञान, तत्त्वज्ञान आणि मानवशास्त्र या ज्ञानशाखा त्यात एकत्र येतात. व्याख्या इतकीच पुरे. ती पाठ करून विषय कळत नाही. त्यासाठी एखादे उदाहरण हाताशी असावे लागते. आपले उदाहरण खानदेशातले आहे.

जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगर, म्हणजे पूर्वीचे एदलाबाद, संत मुक्ताबाईंच्या नावाने ओळखले जाते. जवळच कोथळी येथे मुक्ताबाईंचे जुने मंदिर आहे आणि याच तालुक्यात तापी व पूर्णा यांच्या संगमावर चांगदेव हे गाव व चांगदेवांचे प्राचीन मंदिर आहे. परंपरेने सांगितलेली कथा तुम्हांस ठाऊक असेलच. ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून योगी चांगदेवांनी त्यांना पत्र लिहावयास घेतले, परंतु मायना काय घालावा हे ठरेना. ज्ञानदेव वयाने लहान. ‘चिरंजीव’ लिहावे तर ज्ञानाने ते मोठे, आणि ‘तीर्थरूप’ लिहावे तर वय आड येते. अखेर त्यांनी कागद कोराच धाडला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाल्या की, चौदाशे वर्षे जगूनही चांगदेव कोरेच राहिले. निवृत्तिनाथांनी मात्र ज्ञानदेवांना उत्तर लिहिण्यास सांगितले. ते 65 ओव्यांचे उत्तर म्हणजे ‘चांगदेव पासष्टी’.

ग्रंथ आपल्यापुढे आहे; चौदाशे वर्षांचे वय ही आख्यायिका. येथे ही कथा पुरावा म्हणून नव्हे, उदाहरण म्हणून घेतली आहे. ‘आमच्या संतांना हे सारे शास्त्र आधीच ठाऊक होते’ अशा धर्तीची विधाने उत्तरपत्रिकेत लिहिण्याचा मोह होतो, तो टाळावा. संतांचा विषय आत्मज्ञान हा होता, आणि प्रयोगशाळेच्या पुष्टीवाचून त्याचे काही अडलेले नाही.

आता कथेकडे निराळ्या दृष्टीने पाहा. कागद एकच, त्यावर अक्षर एकही नाही, तरी तीन वाचकांनी तीन प्रकारे प्रतिसाद दिला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानसशास्त्रावर वर्तनवादाचा प्रभाव होता. बाहेरून दिसणारे उद्दीपक आणि बाहेरून दिसणारी प्रतिक्रिया यांचाच अभ्यास शास्त्राने करावा, मनाच्या आत डोकावू नये, अशी ती भूमिका होती. आपल्या उदाहरणावर वर्तनवादी म्हणेल की, तिघांचे पूर्वानुभव वेगळे, म्हणून प्रतिसाद वेगळे. हे उत्तर चुकीचे नाही, अपुरे आहे. तो पूर्वानुभव आज कोणत्या रूपात शिल्लक आहे, हा प्रश्न उरतोच. तो मनात कोणत्या तरी रूपाने साठवलेला आहे आणि मन त्यावर काही प्रक्रिया करते, असे मानावे लागते. त्या साठवलेल्या रूपास मानसिक प्रतिरूपण म्हणतात. प्रतिरूपण आणि त्यावरील प्रक्रिया या दोन कल्पनांवर बोधनिक विज्ञानाचा पाया आहे. 11 सप्टेंबर 1956 रोजी अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत झालेल्या परिसंवादात जॉर्ज मिलर, नोम चॉम्स्की, ॲलन न्यूएल आणि हर्बर्ट सायमन यांनी आपले विचार मांडले. पुढे मिलर यांनी हाच दिवस या शास्त्राचा जन्मदिवस मानला.

मन जन्मतः कोरे असते काय, हा प्रश्न त्याहून जुना. सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने मनाला कोऱ्या कागदाचीच उपमा दिली होती आणि त्यावरील सारा मजकूर अनुभवाने लिहिला जातो असे म्हटले होते. चॉम्स्की यांनी 1959 मध्ये स्किनर यांच्या भाषाविषयक पुस्तकाचे परीक्षण लिहून या विचारास मोठा धक्का दिला. त्याचे मर्म आपल्या घरातही दिसते. लहान मूल ‘मी केलं’ ऐवजी ‘मी करलं’ म्हणते. घरातील कोणी मोठे माणूस तसे बोलत नाही. मग मुलाने ते ऐकले कोठे? कोठेच नाही. ‘धर’चे ‘धरलं’ होते, तर ‘कर’चे ‘करलं’ व्हावे, हा नियम त्याने स्वतःच काढला. चूक म्हणून आपण हसतो, पण ती चूकच नियम बनविणाऱ्या मनाची खूण आहे. नियम काढण्याची ही क्षमता कितपत उपजत आणि कितपत कमावलेली, याविषयी मात्र आजही अभ्यासकांत मतभेद आहेत.

मायन्याची अडचण आपल्याला आणखी एका संकल्पनेकडे नेते. चांगदेवांना शब्द येत नव्हते असे नाही. समोरचा आपल्या शब्दाने काय समजेल, याचा अंदाज येत नव्हता. दुसऱ्यालाही मन आहे आणि त्यातील समजुती आपल्याहून वेगळ्या असू शकतात, या जाणिवेस मनःसिद्धांत म्हणतात. 1983 मध्ये विमर आणि पर्नर यांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो आणि त्याच्या गैरहजेरीत आई ते दुसरीकडे हलवते. परत आल्यावर मॅक्सी कोठे शोधेल? तीन वर्षांची मुले बहुधा नवी जागा सांगतात, कारण ती त्यांना स्वतःला ठाऊक असते. चार वर्षांनंतर हळूहळू उत्तर बदलते. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतून प्रत्येक वाक्यात निवड करणाऱ्या मराठी माणसाला हा व्यायाम रोजचाच आहे.

शेवटची संकल्पना स्मृतीची. ती तुमच्या अभ्यासाशी थेट निगडित आहे. मिलर यांनी 1956 च्या लेखात दाखविले की, ताबडतोब आठवणीत धरून ठेवता येणाऱ्या सुट्या घटकांची संख्या सातच्या आसपास असते. पुढे नेल्सन कोवन यांनी 2001 मध्ये ती चारच्या जवळ आणली. मात्र हे घटक किती मोठे असावेत यावर बंधन नाही. सुटी अक्षरे एका अर्थपूर्ण एककात बांधणे यास गटबांधणी म्हणतात. मुक्ताबाईंची पालखी ज्येष्ठात निघून पंढरीची वाट चालते. त्या वाटेवर अक्षरओळख नसलेले वारकरीही कितीतरी अभंग तोंडपाठ म्हणताना आढळतात. मोठ्या अभंगाच्या एका चौकात 6, 6, 6 आणि 4 अशी 22 अक्षरे असतात. सुटी 22 अक्षरे कोणाच्याही ध्यानात राहणार नाहीत. पण चरण चारच, त्यांत यमक, वर टाळाचा ठेका. कोवन यांचे चार आणि अभंगाचे चार हा मेळ मोहक आहे, पण त्यावरून काही सिद्ध होत नाही.

सिद्ध झालेली गोष्ट दुसरीच आहे. 1973 मध्ये चेस आणि सायमन यांनी बुद्धिबळपटूंना पट काही सेकंद दाखवून सोंगट्यांच्या जागा आठवावयास सांगितल्या. खऱ्या डावातील मांडणी निष्णात खेळाडूंना नवशिक्यांहून कितीतरी अधिक आठवली. सोंगट्या वाटेल तशा मांडल्या, तेव्हा हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे त्यांची स्मरणशक्ती अलौकिक नव्हती. त्यांच्याजवळ पूर्वीचे डाव होते.

‘आता या वयात पाठ होत नाही’ ही तक्रार संपर्कसत्रांत नेहमीची आहे. तिच्यात तथ्य आहे: वाढत्या वयात सुट्या, अर्थहीन गोष्टी धरून ठेवणे खरोखरच जड जाते. परंतु विशीतल्या विद्यार्थ्याजवळ नसलेले अनेक डाव तुमच्याजवळ आहेत. केळीच्या बागेचा हिशेब ठेवणारी, दुकान सांभाळणारी, अंगणवाडीत शिकवणारी व्यक्ती ही पुस्तिका कोऱ्या मनाने वाचू शकतच नाही. म्हणून व्याख्या सुटी पाठ करू नका. ती आपल्या कामातील एखाद्या प्रसंगाला बांधा आणि मग पुस्तक मिटून आठवून पाहा. आठवण्याचा हा प्रयत्न पुनर्वाचनापेक्षा अधिक टिकाऊ ठरतो, हेही प्रयोगांनी दिसून आले आहे.

स्वयं-अध्ययनासाठी कृती

1. तुम्ही अलीकडे लिहिलेल्या एखाद्या पत्राचा किंवा संदेशाचा मायना आठवा. तो निवडताना समोरच्या व्यक्तीच्या मनाविषयी तुम्ही कोणते अंदाज बांधले, ते पाच-सहा ओळींत लिहा.

2. तुम्हांला तोंडपाठ असलेला एखादा अभंग, ओवी किंवा पाढा मध्यापासून म्हणून पाहा. तुम्ही कोठे अडखळलात, चरणाच्या आरंभी की मध्ये, याची नोंद करा आणि गटबांधणीच्या साहाय्याने त्याचे कारण सांगा.