मेंढपाळांच्या तट्टांची दैनंदिन निगा व शिकवण

दिवाळी आटोपली व माळरानावरील गवत सरत आले म्हणजे पुणे, सातारा, सोलापूर व अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या अवर्षणप्रवण भागांतील अनेक धनगर कुटुंबे मेंढ्या घेऊन चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात. काही घाट उतरून कोकणात जातात, काही नदीकाठच्या बागायती गावांत मेंढ्या बसवितात, आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. या वाटचालीत मेंढ्यांभोवती लावावयाची वाघर, पालाचे कापड, भांडीकुंडी, धान्य, कोंबड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि प्रसंगी लहान मुले, असे सारे बिऱ्हाड चार-सहा तट्टांच्या पाठीवर असते. यांपैकी एक तट्टू जरी पाठीला जखम होऊन वा पाय दुखावून बसले, तरी त्याचे ओझे इतरांवर पडते, त्यांच्याही पाठी सोलवटतात, आणि थोड्याच दिवसांत सारा वाडा अडून राहतो. तट्टांच्या निगेकडे मेंढ्यांइतकेच लक्ष देणे म्हणून अगत्याचे आहे.

भीमेच्या काठावरील, म्हणजेच भीमथडीची, ही तट्टे मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेली होती. उंचीने लहान, काटक, निब्बर खुरांची व थोड्या चाऱ्यावर निभावणारी अशी त्यांची ख्याती आहे. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने २०२३-२४ मध्ये भीमथडी ही स्वतंत्र जात म्हणून नोंदविली. ही जात आजवर टिकली ती मुख्यत्वे मेंढपाळांच्या वाड्यांमुळेच, हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे.

सकाळची पाहणी

उजाडताच तट्टांजवळ जाण्यापूर्वी क्षणभर दुरूनच पाहावे. निरोगी तट्टू कान हलवीत, चारा शोधीत उभे असते. एखादे बाजूला मान खाली घालून उभे असेल, पुढचा एक पाय सारखा टेकवीत-उचलीत असेल, वळून पोटाकडे पाहत असेल किंवा रात्रीची लीद नेहमीपेक्षा कमी दिसत असेल, तर त्या तट्टावर त्या दिवशी ओझे घालू नये.

नंतर खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जावे. घोड्याला दोन्ही अंगांचे दूरवर दिसते. परंतु कपाळाच्या अगदी समोरचे व शेपटीमागचे दिसत नाही. त्यामुळे मागून अचानक हात लावल्यास शांत तट्टूही लाथ झाडते. मोकळा तळहात मानेपासून पाठीवरून पुठ्ठ्यापर्यंत, तंगाच्या जागी छातीखाली आणि चारही पायांवरून खुरापर्यंत फिरवावा. सूज, ऊब, ओलसर केस किंवा हात लागताच कातडी थरथरणे ही दुखापतीची पहिली खूण होय. डोळ्यांना जखम दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. हाताला ती आदल्या दिवशीच कळते. एका तट्टामागे या कामास पाच मिनिटेही लागत नाहीत.

पाहणीनंतर खरारा करावा. पाठीवर व तंगाखाली वाळलेला घाम, माती वा कुसळे राहिली तर खोगिराखाली ती कानसाप्रमाणे घासतात. वेळ थोडा असेल तर बाकीचे अंग राहू द्यावे, पण पाठ व तंगाची जागा स्वच्छ केल्याखेरीज ओझे चढवू नये.

चारा, चंदी व पाणी

घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते, त्याला गाईसारखे रवंथ करता येत नाही, व ओकारीही होत नाही. निसर्गतः तो दिवसरात्र मिळून चौदा-सोळा तास थोडेथोडे चरतो. त्याला एकदाच पोटभर खाऊ घालणे व मग दिवसभर उपाशी ठेवणे हे म्हणूनच धोक्याचे आहे. २०० किलो वजनाच्या तट्टास दिवसाकाठी सुमारे ४ ते ५ किलो कोरडा आहार लागतो. त्यापैकी किमान ३ किलो गवत, कडबा असा चाराच असावा. वाटचालीच्या दिवसांत भरडलेला अगर भिजविलेला हरभरा, ज्वारी वा बाजरीचा भरडा व गव्हाचा कोंडा यांची चंदी एक ते दीड किलोपर्यंत द्यावी. मात्र एका वेळी अर्ध्या किलोहून अधिक देऊ नये. चंदीबरोबर १५ ते २० ग्रॅम मीठ द्यावे. विश्रांतीच्या दिवशी चंदी निम्मी करावी. आहारातील कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा.

चार गोष्टींबाबत विशेष दक्षता हवी. बुरशी लागलेला कडबा कितीही टंचाई असली तरी तट्टांना घालू नये. कोवळी किंवा पाण्याअभावी सुकलेली ज्वारी विषारी असते. तेथे तट्टे सोडू नयेत. कोंबड्यांच्या तयार खाद्यात पुष्कळदा मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते. कोंबड्यांना ते मानवते, परंतु घोड्याच्या हृदयाला ते अल्प प्रमाणातही घातक ठरते. चौथी गोष्ट सुगीच्या दिवसांतील. खळ्यावरील राशीवर रात्री सुटलेले तट्टू मनसोक्त धान्य खाते, व त्यातून पोटशूळ उठतो किंवा खुरांच्या आतील भागाला दाह होऊन ते कायमचे लंगडे होते. तट्टाने रास खाल्ल्याचे कळताच, ते वरकरणी ठीक दिसत असले तरी, त्याच वेळी पशुवैद्यकास बोलवावे.

तट्टास विसाव्याच्या दिवशी १० ते १५ लिटर पाणी लागते. उन्हात चालल्यास त्याच्या दुप्पटही लागू शकते. घामाघूम झालेल्या तट्टास पाणी देऊच नये अशी समजूत आहे, ती बरोबर नाही. मुक्कामी पोहोचल्यावर त्यास सावलीत उभे करून थोड्याथोड्या वेळाने पाणी पाजावे. चंदी मात्र अंग निवल्यावर, साधारण तासाभराने द्यावी.

पाठ व ओझे

कायद्याप्रमाणे १९६५ च्या नियमांनी तट्टाच्या ओझ्याची कमाल मर्यादा ७० किलो ठरविली आहे. ही मर्यादा मोठ्या, पूर्ण वाढलेल्या तट्टालाही लागू आहे, हे ध्यानात घ्यावे. आपल्याकडील २०० किलोच्या तट्टास खोगिरासह ५० किलो, म्हणजे अंगच्या वजनाचा चौथा हिस्सा, एवढेच ओझे पुरे. त्याच नियमांनुसार दिवसात ९ तासांहून अधिक व सलग ५ तासांहून अधिक काम घेता येत नाही. तसेच तापमान ३७ अंशांपलीकडे असेल तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात जनावर चालविण्यास मनाई आहे. वाटचाल पहाटे व सायंकाळी करणारे जाणते मेंढपाळ हा नियम पूर्वीपासून पाळीत आले आहेत.

ओझे लादण्या-उतरविण्याचे काम बहुतेक वाड्यांत स्त्रिया करतात. घरातील शिकलेल्या मुलामुलींनी हा भाग त्यांना अवश्य वाचून दाखवावा. भार कण्याच्या हाडावर कधीही येता कामा नये. कण्याच्या दोन्ही अंगांस जाड गाद्या येऊन मध्ये हवा खेळेल अशी मोकळी खाच राहावी. खोगिराखाली घोंगडीची सपाट घडी घालावी. गोणपाटाची एक सुरकुतीही जखमेस पुरते. दोन्ही बाजूंची ओझी लादण्यापूर्वी हातांनी उचलून तोलून पाहावीत. एक बाजू जड असली की खोगीर त्या बाजूस सरकते व दुसऱ्या बाजूचे लाकूड पाठीत रुतते. तंग आवळल्यावर त्याखाली दोन बोटे जावीत, आणि पाव मैल चालून गेल्यावर तो पुन्हा तपासावा.

उतरविताना तंग सैल करून घोंगडी थोडा वेळ पाठीवरच राहू द्यावी. मग ती काढून पाठ नीट पाहावी. सर्व पाठ घामाने ओली असून मध्येच एखादा कोरडा ठिपका दिसल्यास तेथे दाब अधिक पडला असे समजावे व दुसऱ्या दिवशी त्या जागेपुरती गादीची भरण कमी करावी. सूज बहुधा ओझे उतरल्यानंतर काही वेळाने वर येते. तेव्हा तासाभराने पाठीवरून पुन्हा एकदा हात फिरवावा. जुन्या जखमेच्या जागी पांढरे केस उगवतात. बाजारात तट्टू विकत घेणाऱ्याने ते प्रथम पाहावेत.

जखम झालीच तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सुमारे दीड लहान चमचा मीठ घालून त्याने ती धुवावी. जखमेवर चुना, गाडीचे काळे तेल किंवा राख लावू नये, व डाग देऊ नये. जखम भरेपर्यंत त्या तट्टावर ओझे न घालणे हाच खरा उपचार. तेवढ्या दिवसांत त्यास वाड्याबरोबर मोकळे चालू द्यावे.

खूर व पायबंद

सकाळी व मुक्कामी पोहोचल्यावर चारही खूर उचलून बोथट आकडीने टाचेकडून टोकाकडे साफ करावेत. तळाच्या खाचेतून काळा, दुर्गंधी स्राव येत असल्यास तट्टू कोरड्या जागी बांधावे. खूर सहा ते आठ आठवड्यांनी छाटून घ्यावेत. मऊ रानातून चालणाऱ्या तट्टास नाल लागत नाही. परंतु डांबरी घाटरस्त्याने दररोज जावयाचे असल्यास नालबंदाकडून नाल मारून घेणे श्रेयस्कर. नाल कधीही खुरापेक्षा लहान घेऊ नये.

चरण्यास सोडताना पायबंद सुताच्या दोरीने घालू नये. ती कातडी कापते. लोकरीची रुंद पट्टी वापरावी व फक्त पुढचे दोन पाय बांधावेत. पायबंद घातलेले तट्टू भरधाव वाहनापासून पळू शकत नाही. सडकेजवळ तळ असल्यास रात्री तट्टे दावणीला बांधून ठेवावीत व त्यांच्या मोरक्यांना प्रकाशात चमकणारी पट्टी शिवावी.

शिंगराची जोपासना

घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते. शेवटच्या तीन महिन्यांत तिच्यावर जड ओझे घालू नये. जन्मल्यानंतर शिंगरू एका तासाच्या सुमारास उभे राहावे, दोन तासांत आईला लुचावे आणि तीन तासांत घोडीची वार पडावी, असे साधे मान आहे. यात विलंब झाल्यास पशुवैद्यकाची मदत घ्यावी. पहिला चीक पहिल्या काही तासांत पोटात जाणे अत्यावश्यक आहे. शिंगरू पाच-सहा महिन्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये.

पैदाशीसाठी भीमथडीचाच उत्तम नर निवडावा, व तो दुसऱ्या वाड्यातील असावा. उंच जातीच्या घोड्याशी संकर केल्यास पोसण्यास जड व आपल्या चाऱ्यावर न टिकणारी पैदास होण्याचा संभव असतो. पैदाशीसाठी न ठेवावयाच्या नरांचे खच्चीकरण पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावे.

शिकवण

तट्टू शिकविणे म्हणजे त्यास मारून नमविणे, असा समज अद्याप काही ठिकाणी आढळतो. वस्तुतः शिकवणीची सुरुवात सकाळच्या पाहणीतच होते. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यापासून आईच्या देखत शिंगराच्या मानेवरून, पाठीवरून व पायांवरून रोज हात फिरवावा. महिन्याभराने मऊ मोरकी घालावी व खूर क्षणभर उचलून खाली ठेवावेत. अशा रीतीने वाढलेल्या शिंगराला पुढे नालबंदाचे वा पशुवैद्यकाचे भय वाटत नाही.

पहिले वर्षभर शिंगरू वाड्याबरोबर मोकळे चालू द्यावे. कळपात बहुधा एखादी वयस्क घोडी पुढारीण असते व इतर तिच्यामागून जातात. ओढा, पूल, घाट व मोटारीचा आवाज यांची ओळख शिंगरू तिच्याच संगतीने करून घेते. दोन वर्षांचे झाल्यावर पाठीवर नुसती घोंगडी, मग रिकामे खोगीर, व तिसऱ्या वर्षी भुशाने भरलेल्या हलक्या गोण्या घालाव्यात. भांड्यांचा खणखणाट प्रथम दुसऱ्या तट्टावर ऐकवावा, मगच त्याच्या पाठीवर भांडी चढवावीत. पूर्ण ओझे पाचव्या वर्षापूर्वी घालू नये. वयाचा अंदाज दातांवरून करता येतो: कायमच्या कृंतक दातांची मधली जोडी सुमारे अडीच, दुसरी साडेतीन व कडेची साडेचार वर्षांनी येते.

धडा दहा-पंधरा मिनिटांचा, दिवसातून दोनदा द्यावा. दोरी ओढताच तट्टाने एक पाऊल पुढे टाकले की त्याच क्षणी दोरी ढिली सोडावी. ही ढिलाईच त्याचे बक्षीस, व तीवरूनच ते शिकते. थोड्या वेळाने केलेली शाबासकी किंवा दिलेला मार यांचा संबंध त्यास कळत नाही. थांबण्यासाठी व चालण्यासाठी घरातील सर्वांनी एकच शब्द वापरावा. जे तट्टू खोगीर दिसताच कान पाडते वा चावू पाहते, त्यास द्वाड ठरविण्यापूर्वी त्याची पाठ दाबून पाहावी. पुष्कळदा त्या द्वाडपणाचे कारण तेथेच सापडते.

रोगांपासून संरक्षण

खिळा वा काटा रुतल्याने होणारा धनुर्वात घोड्यांत फार लवकर होतो व बहुधा प्राणघातक ठरतो. त्याची प्रतिबंधक लस दर वर्षी टोचून घ्यावी. जंतांचे औषध वजनाप्रमाणे व सल्ल्यानेच द्यावे. पोटशुळात तट्टू लोळते, घामाघूम होते. अशा वेळी नाकातोंडातून तेल किंवा काढा ओतू नये, कारण तो फुप्फुसात जाण्याची भीती असते. राहून राहून ताप येणे, खंगत जाणे व पायांवर किंवा पोटाखाली सूज येणे ही सर्रा रोगाची लक्षणे असू शकतात. हा रोग चावऱ्या माश्यांमुळे पसरतो. नाकातून चिकट स्राव, नाकात व्रण आणि कातडीवर गाठी फुटणे ही लक्षणे दिसल्यास ग्लँडर्सचा संशय धरावा. हा रोग माणसांनाही होतो. असे तट्टू ताबडतोब वेगळे बांधावे, त्याचे तोबरे व बादली इतरांस वापरू नये आणि नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास वर्दी द्यावी; २००९ च्या कायद्याने ही वर्दी देणे बंधनकारक आहे.

वाड्याने गाव सोडण्यापूर्वी एक दिवस केवळ तट्टांसाठी राखून ठेवावा. त्या दिवशी लस टोचून घ्यावी, खूर छाटावेत, खोगिराच्या गाद्या उसवून पुन्हा भराव्यात व तंगाचे दोर बदलावेत. त्यापुढील सहा-सात महिने सकाळी एकदा व मुक्कामी एकदा तट्टाच्या पाठीवरून हात फिरविण्याचा नेम मोडू नये. या नेमाला पैसा लागत नाही. मात्र तो पाळणाऱ्या कुटुंबाचे बिऱ्हाड वाटेत अडून राहण्याचा प्रसंग क्वचितच येतो.