ललित गद्य : खरें लिहिणें आणि चांगलें लिहिणें



पुष्कळ वर्षांपूर्वीं एका वर्गाला मीं "माझी आई" या विषयावर निबंध लिहावयास सांगितलें होतें. वह्या तपासूं लागलों तों बहुतेक वह्यांतून एकच आई भेटूं लागली. ती पहाटे उठे, कधीं रागावत नसे, आणि "वात्सल्याचा सागर" होती. एका मुलीच्या वहींत मात्र निराळेंच होतें. तिची आई गांवाहून वसतिगृहांत तिला भेटावयास आली. आंत येतांना तिनें आपल्या चपला फाटकाबाहेरच काढून ठेवल्या, व सबंध पटांगण ती अनवाणी चालत आली. इतर मुली पाहत होत्या. "मला लाज वाटली, म्हणून मीं तिला लौकर जा म्हटलें," असें त्या मुलीनें लिहिलें होतें. मीं समासांत लाल शाईनें शेरा दिला : "विषयास सोडून. आईचे गुण लिहावे." सागर लिहिणारांस दहांपैकीं आठ गुण मिळाले, तिला चार.

तो शेरा चुकीचा होता, हें मला फार उशिरां उमगलें. त्या चुकीचें कारण समजून घ्यावयाचें, तर ललित गद्य म्हणजे काय व त्याचीं अंगें कोणतीं, हें पाहिलें पाहिजे. आजचा हा पाठ त्यासाठींच आहे.

ललित गद्य म्हणजे काय?

"ललित" या शब्दाच्या मुळाशीं खेळणें, क्रीडा करणें या अर्थाचा संस्कृत धातु आहे. सरकारी अहवाल, पाठ्यपुस्तक किंवा वर्तमानपत्रांतील बातमी हें सारें गद्यच. पण त्यांचें काम माहिती दिल्यावर संपतें. कथाकादंबरींत वाचकाच्या मनाला रमविण्याची शक्ति असते, पण तेथें लेखकाला पात्रें व प्रसंग कल्पिण्याची मोकळीक आहे. ललित गद्य या दोहोंच्या मध्यें उभें असतें. त्याचा आशय खरा, घडलेला. आणि सांगण्याची रीत मात्र वाङ्मयाची. आत्मचरित्र, आठवणी, प्रवासवर्णन, व्यक्तिचित्र आणि लघुनिबंध हे त्याचे ओळखीचे प्रकार होत. ना. सी. फडके यांच्या "गुजगोष्टी", दुर्गा भागवत यांचें "ऋतुचक्र", दया पवार यांचें १९७८ सालचें "बलुतं" हीं पुस्तकें एकमेकांपासून कितीही दूर असलीं, तरी याच कुळांतलीं आहेत.

या पाठांत उदाहरणासाठीं मी मुख्यतः दोन पुस्तकें घेतों. पहिलें लक्ष्मीबाई टिळक यांचें "स्मृतिचित्रें". हें १९३४ ते १९३६ या काळांत चार भागांत प्रसिद्ध झालें. दुसरें विष्णुभट गोडसे यांचें "माझा प्रवास". गोडसे हे कोंकणांतील वरसई गांवचे भिक्षुक. घरचें कर्ज फिटावें म्हणून दक्षिणेच्या आशेनें ते १८५७ सालीं चुलत्यांबरोबर उत्तर हिंदुस्थानांत गेले, आणि बंडाच्या वणव्यांत सांपडले. झांशीला वेढा पडला तेव्हां ते त्या शहरांतच होते.

निवड आणि तपशील

आयुष्यांत घडलेलें सर्व कोणालाच लिहितां येत नाहीं. म्हणून लेखकाचें पहिलें काम निवड. लक्ष्मीबाईंनीं आपल्या कथेचा आरंभ स्वतःच्या जन्मतिथीनें केला नाहीं. वडिलांच्या सोवळ्यापासून केला. १८५७ च्या धामधुमीनंतर त्यांच्या आईच्या वडिलांना फांशी झाली. त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याचें जणूं वेड लागलें, आणि सारें घर त्या वेडाखालीं दबलें. पुढें जिला एके काळीं विटाळ मानीत होतों ती माणसें आपलीं म्हणावयाचीं आहेत, अशा बाईच्या कथेला याहून योग्य आरंभ कोणता?

निवडीचा लहानांतला लहान घटक म्हणजे तपशील. "आई गरीब होती" हें विधान झालें. "आईनें चपला फाटकाबाहेर काढल्या" हा तपशील झाला. विधान वाचकाला निर्णय सांगतें. तपशील वाचकाच्या हातीं पुरावा देतो, आणि निर्णय त्याच्यावर सोंपवितो. माझ्या विद्यार्थिनीनें आपली आई भोळी आहे, भिडस्त आहे, मोठ्या इमारतीला बिचकते, यांतलें कांहींही लिहिलें नव्हतें. तरी तें सर्व मला दिसलें होतें. दिसूनही मी गुणांची यादी मागत बसलों.

प्रसंग आणि निवेदन

निवेदनांत काळ भरभर पुढें जातो : "पांच वर्षें आम्हीं त्या गांवीं काढलीं." प्रसंगांत काळ थांबतो, जागा दिसते, माणसें बोलूं लागतात. लिहिणाऱ्याला दोन्ही लागतात. गोडसे भटजी एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर चार ओळींत जातात. पण झांशी पडण्याच्या दिवसांशीं ते थबकतात, आणि वाचकालाही थांबवितात. सर्वच ठिकाणीं थांबणारा लेखक कंटाळा आणतो, व कोठेंच न थांबणारा लेखक पंचांगासारखा कोरडा होतो. जेथें कांहीं बदललें, तेथें थांबावें. ती मुलगी "लौकर जा" म्हणाली, तेथें कांहीं बदललें होतें.

दोन "मी"

आठवणींत "मी" हा शब्द एकच असला, तरी माणसें दोन असतात. एक, ज्याच्यावर प्रसंग गुदरला तो. दुसरा, जो आज लिहीत आहे तो. गोडसे भटजी प्रवासाला निघाले तेव्हां तिशीच्या सुमाराचे होते. चिंतामण विनायक वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनीं आपली हकीकत लिहिली ती सुमारें पंचवीस वर्षांनंतर. द्रव्य मिळवावयास निघालेला तरुण आणि, द्रव्याऐवजीं गंगेची कावड घेऊन घरीं परतल्याचें आठवणारा वृद्ध, हे दोघेही त्या पुस्तकांत आहेत.

या दोघांतील अंतरामुळें चिंतन जन्मतें. चिंतन म्हणजे शेवटीं जोडलेलें तात्पर्य नव्हे. "तेव्हां मला असें वाटलें, आज पाहतां तें निराळें दिसतें," एवढी कबुली पुरते.

सूर

लेखकाची विषयाकडे व वाचकाकडे पाहण्याची जी वृत्ति शब्दांतून ऐकूं येते, तिला सूर म्हणतात. लक्ष्मीबाईंचें शिक्षण शाळेंत झालें नाहीं. त्यांना अक्षरओळख पतीनें करून दिली. १८९५ सालीं नारायण वामन टिळकांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि पतिपत्नींची कित्येक वर्षें ताटातूट झाली. असें दुःख भोगलेली बाई रडक्या सुरांत लिहिती, तर तिला कोणी दोष दिला नसता. परंतु त्या पतीचा विसराळूपणा, तापटपणा आणि पैशाविषयींची बेपर्वाई हंसत हंसत सांगतात, आणि त्या हंसण्यांत स्वतःलाही वगळीत नाहींत. दुःख मोठें आणि शब्द साधे, म्हणूनच वाचकाचा विश्वास बसतो.

सत्याची मर्यादा

आतां सर्वांत महत्त्वाचें अंग. ललित गद्याच्या लेखकाला गाळण्याची मुभा आहे, क्रम बदलण्याची आहे, एखाद्याची अब्रू राखण्यासाठीं नांव झांकण्याचीही आहे. न घडलेलें घडलें म्हणून सांगण्याची मुभा नाहीं. जुनें संभाषण अक्षरशः आठवत नसेल, तर त्याचा आशय द्यावा. स्मरण अंधुक असेल तेथें "मला वाटतें", "नक्की आठवत नाहीं" असें लिहावें. यांत कमीपणा कांहीं नाहीं. जिची आजी घरीं सुखरूप आहे, त्या मुलीनें गुणांसाठीं निबंधांत आजीचा मृत्यु रंगवूं नये. वाचकाचे अश्रु तिनें फसवून घेतलेले असतात.

आणि सत्याचा घात केवळ लिहिणाराच करतो असें नाहीं. "माझा प्रवास" १९०७ सालीं वैद्यांनीं प्रसिद्ध केलें, तेव्हां मूळ लेखनांत त्यांनीं फेरफार केले होते. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळांत सुरक्षित राहिलें, म्हणून दत्तो वामन पोतदारांना १९६६ सालीं मूळाबरहुकूम पाठ छापतां आला. वैद्यांनीं तें पुस्तक उजेडांत आणलें, हें त्यांचें ऋण मोठें आहे. तरीही भटजींची स्वतःची वाणी ऐकावयास वाचकांना आणखी एकोणसाठ वर्षें थांबावें लागलें. दुसऱ्याच्या लेखनावर लेखणी चालविणाऱ्या प्रत्येकानें, विशेषतः आम्हां शिक्षकांनीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

अभ्यास

१. तुमच्या घरांतील एका माणसाविषयीं दहा वाक्यें लिहा. एकही गुणवाचक विशेषण वापरूं नका. केवळ तें माणूस काय करतें व काय बोलतें, तेंच लिहा.

२. ज्या प्रसंगीं तुम्ही चुकलां, असा एक प्रसंग लिहा. प्रथम तेव्हांचा "मी" बोलूं द्या. नंतर, पाहिजे तर, आजचा.

३. लिहिलेलें पुन्हां वाचा. जें वाक्य तुमच्या शेजाऱ्याच्या वहींतही शोभलें असतें, तें खोडा.

त्या मुलीची हकीकत अजून पुरी झाली नाहीं. पुढच्या परीक्षेंत तोच विषय पुन्हां आला. या वेळीं तिची आई पहाटे उठत होती, कधीं रागावत नव्हती, आणि वात्सल्याचा सागर होती. फाटक नव्हतें, चपला नव्हत्या. ती हुशार मुलगी माझा धडा बरोबर शिकली होती. मीं तिला आठ गुण दिले, आणि "सुधारणा समाधानकारक" असा शेरा लिहिला.

तिची ती पहिली वही आज मजजवळ नाहीं. भटजींच्या हस्तलिखितासारखी ती कोणत्याही मंडळांत ठेवलेली नाहीं. म्हणून तुम्हांला एवढेंच सांगणें आहे. तुमच्या शिक्षकांनीं, मीही त्यांत आलों, तुमच्या वहींतील एखाद्या खऱ्या वाक्याखालीं लाल रेघ ओढली, तर व्याकरणाची चूक असल्यास ती निमूटपणें दुरुस्त करा. पण तें वाक्य खरें असेल, तर वही घेऊन या, आणि तें तेथें कां आहे हें आम्हांला विचारूं द्या.