बंदुकीपर्यंत पोचण्याआधी

(मावशी व्हर्जिनिया राज्यातल्या सरकारी शाळांमध्ये समुपदेशक होती, आता निवृत्त आहे. भाची त्याच राज्यात नोकरी करते. तिचा मुलगा यंदा किंडरगार्टनमध्ये गेला.)

भाची : मावशी, ऑस्ट्रेलियाने जे केलं ते अमेरिकेला का जमत नाही? पोर्ट आर्थरला 35 माणसं मारली गेली आणि त्यांनी लगेच कायदा बदलला.

मावशी : 1996 च्या एप्रिलमधली गोष्ट. जॉन हॉवर्डना पंतप्रधान होऊन दोन महिनेही झाले नव्हते, आणि पक्ष उजवा. तरी त्या माणसाने स्वतःच्याच मतदारांचा रोष पत्करला. सेमी-ऑटोमॅटिक रायफली जवळजवळ सगळ्यांना बंद, बंदूक कशाला हवी याचं खरं कारण द्यायचं, अर्ज केल्यावर 28 दिवस थांबायचं. लोकांकडच्या साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका सरकारने पैसे मोजून परत घेतल्या. पण तिथे बंदूक हा घटनेने दिलेला हक्क नव्हता. इथे 1791 ची दुसरी घटनादुरुस्ती आहे. 2008 मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार असा निकाल दिला, की स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवणं हा नागरिकाचा वैयक्तिक हक्क आहे. भारतात 1959 च्या शस्त्र कायद्याखाली आपण परवाना मागायचा आणि सरकारला पटलं तर मिळायचा. इथे उलट आहे. नाकारायचं असेल तर कारण सरकारने दाखवायचं.

भाची : बरं, म्हणजे सरसकट बंदी होणार नाही. मग करण्यासारखं काही उरतच नाही.

मावशी : हेच! गणपतीच्या जेवणाला आपली सगळी शिकलेली मंडळी ताट हातात घेऊन हेच म्हणतात. 'इथलं काही बदलायचं नाही.' आणि पुढच्या क्षणी घरांच्या किमतींवर बोलायला लागतात. अगं, व्हर्जिनिया टेक विद्यापीठातला गोळीबार आपल्याच राज्यातला. 16 एप्रिल 2007. 32 जण गेले. त्यात मुंबईहून शिकायला आलेली एक मुलगी होती, मूळचे भारतातले एक प्राध्यापक होते. ती दोन पिस्तुलं गोळीबार करणाऱ्या मुलाच्या हातात कशी आली, ते तुला माहीत आहे का?

भाची : काळ्या बाजारातून?

मावशी : दुकानातून. पावती घेऊन. तेव्हा व्हर्जिनियात 30 दिवसांत एकच पिस्तूल विकत घेता येत असे. त्याने तोही नियम पाळला, एक फेब्रुवारीत घेतलं आणि दुसरं मार्चमध्ये. दोन्ही वेळा बॅकग्राउंड चेक झाला आणि दोन्ही वेळा तो पास झाला. आता ऐक. 2005 च्या डिसेंबरमध्ये कोर्टाने त्याला 'स्वतःच्या जिवाला धोका' असं ठरवून उपचार घ्यायचा हुकूम दिला होता. केंद्राच्या कायद्याने एवढ्यावरच त्याचा बंदूक घेण्याचा हक्क संपत होता. पण हुकूम रुग्णालयात भरती करण्याचा नव्हता, बाहेरून येऊन-जाऊन उपचार घेण्याचा होता. आणि राज्याची पद्धत अशी, की भरती झालेल्यांचीच नावं पोलिसांच्या यादीत जायची. त्याचं गेलंच नाही. इंग्रजी विभागातल्या प्राध्यापकांनी त्याचं लिखाण वाचून धोका ओळखला होता, विद्यापीठाला कळवलंही होतं. कोर्टाला ठाऊक, प्राध्यापकांना ठाऊक, फक्त बंदूक विकणाऱ्याला काहीच ठाऊक नाही.

भाची : नाव काय होतं त्याचं?

मावशी : मी अशांची नावं घेत नाही. न्यूझीलंडच्या तेव्हाच्या पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्ननी क्राइस्टचर्चच्या गोळीबारानंतर संसदेत तेच सांगितलं आणि मला ते पटलं. यातल्या कित्येकांना प्रसिद्धीच हवी असते. असो. ती फट नंतर बुजवली, आधी राज्याने आणि मग 2008 च्या जानेवारीत केंद्रानेही. पण दुसऱ्या फटी होत्याच. चार्ल्सटनच्या चर्चमध्ये 2015 साली नऊ जण मारले गेले. तिथे नियम असा होता, अजूनही आहे, की तपासणी कामाच्या तीन दिवसांत संपली नाही तर दुकानदार बंदूक विकू शकतो. हल्लेखोराच्या तपासणीत कागद चुकीच्या ठिकाणी शोधला गेला, तीन दिवस उलटले, बंदूक विकली गेली.

भाची : म्हणजे ज्यांचं डोकं बिघडलेलं आहे त्यांना वेळेत ओळखायला हवं.

मावशी : 'डोकं बिघडलेलं' म्हणू नकोस. तीस वर्षं मी मुलांसमोर बसले. नैराश्य असलेली, गोळ्या घेणारी, आवाज ऐकू येणारी मुलं पाहिली. ती दुसऱ्यापेक्षा स्वतःलाच जास्त इजा करतात. प्रत्येक गोळीबारानंतर टीव्हीवर 'मेंटल, मेंटल' सुरू झालं की माझ्याकडे येणारी मुलं यायची बंद व्हायची. आणि आपल्या मराठी घरांत तर विचारूच नकोस. मुलगा महिनाभर जेवत नाही, बोलत नाही, आणि आई म्हणते अभ्यासाचं टेन्शन आहे. आजाराच्या नावाने काही ठरत नाही गं. माणूस आत्ता काय बोलतोय, काय जमवतोय, कोणाचा राग धरून बसलाय, ते बघायचं असतं.

भाची : आणि ते कोणाला दिसतं?

मावशी : बहुतेक वेळा कोणाला तरी दिसलेलं असतं. सीक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण खात्याने 2002 मध्ये शाळांतल्या 37 हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दर पाच प्रकरणांपैकी चारांत हल्ल्याचा विचार दुसऱ्या कोणाला तरी आधीच माहीत होता. बहुधा मित्राला किंवा वर्गातल्या मुलाला. आणि दोन तृतीयांशांत बंदूक आली होती स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातून.

भाची : घरातून? थांब. मावशी, आमच्या शेजारच्या गल्लीतल्या मुलाकडे हा खेळायला जातो. त्यांच्या घरात असेल तर?

मावशी : असू शकते. या देशात माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. पण मी आता रेड फ्लॅग कायद्याचं सांगणार होते. कनेक्टिकटने 1999 मध्ये पहिल्यांदा केला, आपल्याकडे 2020 पासून आहे. कोणी स्वतःला किंवा दुसऱ्याला मारण्याच्या बेतात दिसला, तर पोलीस किंवा सरकारी वकील कोर्टाकडून आदेश आणून त्याच्या बंदुका काही दिवस काढून घेऊ शकतात. पुढे न्यायाधीशासमोर त्यालाही त्याची बाजू मांडता येते. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी अशी 21 प्रकरणं तपासली, ज्यांत सामूहिक गोळीबाराचीच धमकी किंवा भीती होती. अभ्यास होईपर्यंत त्यातला एकही गोळीबार घडला नव्हता. कायदा नसता तर घडला असता का, हे सिद्ध करता येत नाही, आणि त्यांनी तसा दावाही केला नाही. मला तो प्रामाणिकपणा आवडला.

भाची : हं. पण त्या घरात—

मावशी : ऐकून तरी घे. भारतात निवडणूक लागली की परवान्याच्या कितीतरी बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात ना? मालक गुन्हेगार आहे असं त्यात कोणी म्हणत नाही. दिवस तापलेले असतात, म्हणून. निवडणूक झाली की परत मिळते. अगदी हेच तत्त्व. चीड, अपमान, मरून जावंसं वाटणं, यांना उतार असतो. 2021 मध्ये या देशात बंदुकीने 48 हजारांवर माणसं मेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. सामूहिक गोळीबाराचे बळी त्या आकड्यात फार थोडे. पण गोळीबार करणाऱ्यांतही कितीतरी जण आधी स्वतःच्या जिवावर उठलेले असतात. मध्ये दिवस गेले, तर त्या दिवसांत कोणीतरी त्याच्यापाशी पोचू शकतं. मोठ्या मॅगझिनवर बंदी, रायफलीसाठी 21 वर्षांची अट, या सगळ्याच्या बाजूने मी आहे, मोर्च्यातही चालले आहे. पण त्यासाठी निवडणुका जिंकाव्या लागतात. हे आज करता येतं.

भाची : आणि ते लॉकडाउन ड्रिल? परवा हा सांगत होता, की बाई दिवे घालवतात आणि सगळ्यांनी कोपऱ्यात चूप बसायचं.

मावशी : शांतपणे, आधी सांगून केलं तर मी विरोध करणार नाही. पण खोटा हल्लेखोर आणायचा, आवाज काढायचे, हा शुद्ध दुष्टपणा आहे. मी नोकरीला होते त्या एका शाळेत आम्ही दुसरा कौन्सेलर मागत होतो. चारशेच्या वर मुलं होती मला एकटीला. अडीचशेंमागे एक असावा अशी आमच्या व्यवसायाची शिफारस आहे. आम्हाला मिळाले कॅमेरे आणि नवे दरवाजे. दरवाजा मुलाला विचारतो का, तू आज जेवला का नाहीस म्हणून? उद्घाटनाला फोटो मात्र निघाले.

भाची : मावशी, मी त्या मुलाच्या आईला विचारायचं कसं? 'तुमच्याकडे बंदूक आहे का?' त्यांना वाटेल मी संशय घेते. आम्ही बाहेरून आलेले.

मावशी : तुझं मन तिथेच अडकलंय. बरं, तेच बोलू. मिशिगनमध्ये ऑक्सफर्डच्या शाळेत 2021 साली चार मुलं मारली गेली. बंदूक गोळीबार करणाऱ्या मुलाच्या बापाने चार दिवस आधी त्याच्यासाठी घेतली होती. गोळीबाराच्याच दिवशी सकाळी शाळेने आई-बापाला बोलावून मुलाने काढलेलं चित्र दाखवलं. त्यांनी त्याला घरी नेलं नाही, शाळेनेही दप्तर तपासलं नाही. 2024 मध्ये दोघंही सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरले. तेव्हा प्रश्न विचारण्याची लाज तू का बाळगायची? शेंगदाण्याची ॲलर्जी सांगतेस तसंच हेही विचार. कुत्रा आहे का, पोहण्याचा तलाव आहे का, बंदूक आहे का आणि असेल तर कुलूप लावून, गोळ्या वेगळ्या ठेवलेल्या आहेत का. बंदूक ठेवणारी समजूतदार माणसं यावर रागावत नाहीत. माझे शेजारी शिकारीला जातात, त्यांनी मला हौसेने तिजोरी दाखवली होती.

भाची : आणि मुलाला काय सांगू?

मावशी : बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्यांना सांगायचं. पण एवढ्यावर विसंबू नकोस, या वयाची मुलं उचलून बघतातच. थोडा मोठा झाला की हेही सांग, की कोणी 'मी मारणार' म्हणालं तर ते शिक्षकांना सांगणं म्हणजे चहाडी नाही. आणि शाळेत विचार, थ्रेट असेसमेंट टीममध्ये, म्हणजे धोक्याची शहानिशा करणाऱ्या गटात, कोण कोण आहे. 2013 पासून आपल्या राज्यात सरकारी शाळांना ती कायद्याने बंधनकारक आहे. त्यात शिक्षक, प्रशासक, समुपदेशक आणि पोलीस असे चारही प्रकारचे जाणकार हवेत. नुसती यादी लावून ठेवली आहे का, की खरंच बैठका होतात, तेही विचार. पालक विचारत नाहीत, म्हणून ती कागदावर राहते.

भाची : विचारते. पण त्या आईला मेसेज करू की फोन?

मावशी : फोन. मेसेजला घाईघाईत 'नाही' लिहून मोकळं होता येतं.

भाची : आणि आहे म्हणाली, पण कुलूप नाही म्हणाली तर?

मावशी : तर दोन्ही मुलं तुझ्या घरी खेळतील. शनिवारी बोलाव, मी थालीपीठ लावते.