बोलकी पाटी आणि रव्याची परात

चि. छकुलीस,

दादरहून आणलेली बॅटरीची बोलकी पाटी तुझ्या चिरंजीवांनी दोन दिवसांत खोलून आतला स्पीकर बाहेर काढला म्हणे. बरे केले! बटण दाबले की 'क कमळाचा' पाटीच म्हणणार, मग पोराने करायचे काय?

त्याच दादरला १९३६ साली ताराबाई मोडकांनी शिशुविहार ही बालशाळा काढली. त्याआधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी माँटेसोरीची पद्धत राबवून पाहिली होती. त्या पद्धतीतली अक्षरे खरखरीत असतात. गुळगुळीत फळीवर पॉलिश पेपरचे अक्षर चिकटवलेले. मूल लिहायच्या वळणाने त्यावर दोन बोटे फिरवते आणि तोंडाने उच्चार करते. आपल्या जुन्या शाळांतली, धुळीत बोटाने गिरवायची धुळाक्षरे याच जातीची.

तू धुळीऐवजी परातीत रवा पसर. पातळच पसर, जाड थरात वळण उठत नाही. अ-आ-इ-ईपासूनच आरंभ हवा, हा हट्ट सोड. आपल्याकडे 'ग म भ न' म्हणतात ते उगीच नाही, सारख्या वळणाची अक्षरे एकत्र येतात. म आणि भ यांत फरक एका गाठीचा. तो डोळ्याला चकवतो, बोटाला सापडतो. पोर कंटाळले की परात उचल, रव्याचा शिरा कर.

महागडे खेळणे नाही म्हणून काही अडत नाही. १९४५ला ताराबाई बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडला. बरोबर अनुताई वाघ होत्या. आदिवासी पाड्यांवर विकतची साधने कुठून परवडणार? मग शंख-शिंपले, बिया, पाने हीच साधने झाली. अंगणवाडीची कल्पनाही याच कामातून आली.

तुमच्या परळला तर रस्ताभर अक्षरे टांगलेली आहेत. बेस्टच्या बसच्या कपाळावरचा मराठी आकडा, दुकानांच्या पाट्या. मात्र 'वाच बघू' म्हणून चारचौघांत परीक्षा घेऊ नकोस. तूच मोठ्याने वाच, तो आपोआप मागून म्हणेल.

रात्री गोष्टीचे पुस्तक मात्र चुकवायचे नाही. तेच पुस्तक दहाव्यांदा मागेल, तुला जांभया येतील. तरी ओळीखाली बोट ठेवून वाच, मध्येच थांब, पुढचा शब्द त्याला म्हणू दे. आठवणीने म्हणाला तरी चालेल. तू दमलीस तर हे काम जावईबापूंकडे दे. राक्षसाचा आवाज ते तुझ्यापेक्षा बरा काढतात.

रविवारी लालबागला येशील तेव्हा माळ्यावरची जुनी पितळी परात घेऊन जा. कल्हई उडाली आहे, पण रव्याला चालेल.

तुझी मावशी